जांभ्याखालचे पाणी: बीदरची सुरंग बावडी आणि परिसर-पुनर्स्थापनेचा अभ्यास

विद्यापीठांतून शिकविल्या जाणाऱ्या पर्यावरणविषयक शास्त्रांमध्ये संवर्धन आणि पुनर्स्थापना या दोन संज्ञा बहुधा जोडीने येतात, तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. जे शिल्लक आहे ते राखणे म्हणजे संवर्धन. आणि जे बिघडले, झिजले किंवा नष्ट झाले त्याला स्वतःच्या पायावर पुन्हा उभे राहण्यास साहाय्य करणे म्हणजे पुनर्स्थापना. या दुसऱ्या कामाच्या शास्त्राला पुनर्स्थापन परिस्थितिकी म्हणतात आणि त्याचे विद्यार्थी बहुधा एखादे जंगल, कुरण किंवा पाणथळ जागा अभ्यासासाठी निवडतात. बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत मात्र या शास्त्राला सर्वांत अवघड प्रश्न विचारणारी वस्तू जमिनीच्या वर नसून खाली आहे, आणि ती निसर्गाने नव्हे तर माणसाने घडविलेली आहे. बीदरमध्ये तिला सुरंग बावडी किंवा फारसी नावाने कारेझ म्हणतात. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ते स्मारक, भूशास्त्राच्या दृष्टीने भूजलाचा निचरा आणि नगररचनेच्या दृष्टीने एक बुजलेले भुयार. परंतु तिच्या इतिहासातून जी गोष्ट दिसते ती अशी की, यांपैकी कोणत्याही एका दृष्टीने पाहिल्यास ती दुरुस्त होऊ शकत नाही.

बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे त्याच्या माथ्यावर जांभा खडकाचा जाड थर आहे आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण. जांभा हा मुळात कुजलेला खडक होय: उष्ण आणि आर्द्र हवेत दीर्घकाळ पाणी झिरपत राहिल्याने काळ्या पाषाणातील विद्राव्य घटक वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरून सच्छिद्र, तांबूस दगड तयार होतो. फ्रान्सिस बुकानन याने केरळातील अंगडीपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला १८०७ साली विटेच्या लॅटिन नावावरून लॅटेराइट हे नाव दिले, कारण तो ओला असताना विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर ठेवल्यास कठीण होतो. बीदरच्या जांभ्याचे वर्णन कॅप्टन न्यूबोल्डने १८४० च्या दशकात केले. या खडकातील छिद्रांतून आणि भेगांतून पावसाचे पाणी सहज खाली उतरते, पण त्याच्या तळाशी असलेल्या चिकणमातीच्या थराशी, किनारपट्टीच्या भाषेत शेडीशी, ते अडते आणि आडवे वाहू लागून पठाराच्या कडांवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गुरू नानक झिरा साहिब आणि नरसिंह झरणी या बीदरच्या दोन तीर्थांच्या नावांत झरा आहे तो केवळ भक्तीपोटी नव्हे. पठारावरचा बराचसा निचरा मांजरेकडे आणि तिच्यावाटे गोदावरीला जातो, तर कलबुर्गीकडील कागिणा भीमेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेत पोहोचते; म्हणजे दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधील सीमा याच परिसरातून जाते.

भूगर्भातील पाण्याचा शोध हा या भागात आयात केलेला विचार नव्हता. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. त्यात जांभूळ, उंबर अशी झाडे आणि वारुळे यांच्या खुणांवरून पाणी किती खोल व कोणत्या दिशेस लागेल याचे आडाखे दिले आहेत. वनस्पतींना भूजलाचे सूचक मानणारी ही पद्धत आजच्या परिस्थितिकीत सूचक जाती या नावाने शिकविली जाते, जरी त्या अध्यायातील सर्व आडाखे तपासणीत टिकतील असे नाही. बीदरपासून जवळच असलेल्या कल्याणी येथून, म्हणजे आजच्या बसवकल्याणहून, राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात मासे, पशू, पक्षी आणि वने यांची बारकाईने केलेली वर्णने आहेत. मराठी वाचकाला तो ग्रंथ महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या उल्लेखामुळे परिचित असतो, परंतु दख्खनच्या प्राणिजीवनाची राजदरबारी नोंद म्हणून त्याचे मोल त्याहून कमी नाही. याच्या सुमारे शतकभर आधी इराणमध्ये अल-करजी या गणितज्ञाने गुप्त पाणी वर काढण्याविषयीचा ग्रंथ लिहिला होता, इ.स. १०१७ च्या आसपास, आणि त्यात भूजलाची हालचाल, भुयारांचा उतार आणि मोजणीची साधने यांची चर्चा होती. या दोन्ही परंपरांची पुस्तके एकमेकांना ठाऊक नसताना जी माणसे प्रत्यक्ष खणत होती त्यांची भेट मात्र पंधराव्या शतकात बीदरला झाली.

बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी होती. अहमदशाह वली, ज्याची कारकीर्द १४२२ ते १४३६ अशी होती, त्याने ती बीदरला हलविली आणि १४३२ पर्यंत तेथील किल्ल्याचे बांधकाम पुरे झाले. हा राजा इराणातील किरमान प्रांतातील संत शाह नेमतुल्लाह याचा भक्त होता. १४३१ मध्ये संत वारल्यावर किरमानजवळच्या माहान येथील त्याच्या समाधीचे बांधकाम अहमदशाहाच्या द्रव्याने झाले, आणि संताचा नातू नूरुल्लाह व पुढे मुलगा खलीलुल्लाह हे बीदरला येऊन राहिले, ज्यांच्या घराण्याची स्मृती अष्टूरजवळची चौखंडी अजून जपते. माहान आणि किरमान हा कनातींचा प्रदेश आहे. कनात किंवा कारेझ म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या भूजलाला जवळजवळ आडव्या भुयाराने जमिनीच्या पृष्ठभागावर आणण्याची रचना. ती खणणाऱ्या कारागिराला फारसीत मुकन्नी म्हणत आणि ही विद्या बापाकडून मुलाकडे, सुरंगीच्या अंधारातच जाई. दख्खनेत आलेल्या परदेशी सरदारांना आफाकी म्हणत आणि त्यांच्याबरोबर स्थापत्य, चित्रकला, सुलेखन आले हे इतिहासग्रंथांतून वारंवार सांगितले जाते. मात्र पाणी आणणारे लोक बखरीत येत नाहीत, कारण ते दरबारात बसत नसत.

बीदरच्या भोवती नौबाद, शुक्लतीर्थ आणि शहरातील जमना मोरी अशा रचना ओळखण्यात आल्या असून त्या बहमनी काळातील मानल्या जातात. यांतील नौबादच्या सुरंगीची लांबी दोन किलोमीटरहून अधिक आहे आणि तिच्यावर ठराविक अंतराने वीसहून अधिक उभ्या विहिरी आहेत. या विहिरींतून खणताना दगडमाती वर काढीत, पुढे हवा खेळती ठेवीत, आणि गाळ काढणाऱ्यांना आत उतरण्याची वाटही त्याच असत. बऱ्हाणपूरला १६१५ च्या सुमारास बांधलेल्या अशाच रचनेत त्यांना कुंड्या म्हणतात. औरंगाबादच्या नहरींचे, म्हणजे तेथील भूमिगत पाणवाटांचे, घराणेही हेच होय. परंतु इराणी आराखडा जसाच्या तसा येथे उतरविता येण्याजोगा नव्हता. इराणमध्ये डोंगराच्या पायथ्याशी साचलेल्या गाळमातीतून पाणी काढले जाते, तर बीदरला ते जांभ्यातील भेगांतून आणि शेडीच्या पाठीवरून काढायचे होते. म्हणून सुरंगीची वाट जमिनीच्या उतारापेक्षा खडकाच्या भेगांना अनुसरून आखावी लागली. ज्यांनी ही वाट आखली त्यांच्याजवळ भूशास्त्राचा शब्द नव्हता, पण भेगेचा माग काढण्याची नजर होती, आणि ती नजर परदेशी मुकन्नीएवढीच स्थानिक बेलदारांचीही असली पाहिजे, कारण जांभा कापण्याचे काम इथले लोक त्या आधीपासून करीत आले होते.

या रचनेचा एक गुण विशेष मोलाचा आहे. सुरंगीत पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहते, त्यामुळे भूजलाची पातळी जितकी उंच तितका प्रवाह मोठा आणि पातळी उतरली की प्रवाह आपोआप बारीक होतो. पाण्याचा उपसा पावसाने भरलेल्या साठ्याच्या पलीकडे कधीच जात नाही, आणि ती मर्यादा पाळण्यासाठी कोणत्याही कायद्याची वा समितीची गरज लागत नाही. विंधन विहीर याच्या अगदी उलट वागते. १९७२ च्या दुष्काळानंतर दख्खनभर तिचा प्रसार झाला. पातळी खाली गेली तर ती आणखी खोल जाते, आणि ज्याच्या अंगणात ती नाही त्याचा सुरंगीतील वाटाही घेऊन जाते. म्हणून कारेझ बंद पडते ती दगड ढासळला म्हणूनच नव्हे, तर तिच्या डोक्यावरील जमिनीची वागणूक बदलली म्हणूनही. ही गोष्ट साधी आहे, पण इतिहास लिहिणाऱ्यांना ती दीर्घकाळ दिसली नाही.

बीदरमध्ये उच्च अभ्यासाची परंपरा पुरेशी जुनी आहे. महमूद गावानने १४७२ साली बांधलेला मदरसा हा त्या काळातील दख्खनमधील सर्वांत नामवंत विद्यालयांपैकी एक होता. त्यात मोठा ग्रंथसंग्रह होता आणि १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने त्याचा एक भाग उद्ध्वस्त झाला. मात्र या मदरशाच्या अवशेषांचा अभ्यास झाला तेवढा त्याच्याच काळात गावाला पाणी पुरविणाऱ्या सुरंगींचा झाला नाही. हैदराबाद राज्याने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि त्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९४७ मध्ये बीदरचा इतिहास व स्मारके यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, जो अजूनही या शहराविषयीच्या प्रत्येक अभ्यासाचा प्रारंभबिंदू आहे. स्मारकांचे शास्त्र दगडापासून सुरू होते आणि कमानीवरील कोरीव अक्षरांकडे जाते; तिच्या पायातील ओलावा कुठून येतो हा प्रश्न त्याच्या परिघाबाहेर राहिला, आणि यात दोष यझदानींचा नाही, शास्त्राच्या त्या वेळच्या विभागणीचा आहे.

या विभागणीत १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आणखी एक भर घातली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्याकडे व पुढे महाराष्ट्राकडे गेला, बीदर, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूर राज्याकडे, तर तेलंगण आंध्राकडे. बीड जिल्ह्यात उगम पावून लातूर, बीदर आणि तेलंगण ओलांडत गोदावरीला मिळणारी मांजरा एकाएकी तीन राज्यांची नदी झाली. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण या तालुक्यांतील मराठी कुटुंबांचे सोयरेसंबंध सीमेपलीकडे राहिले, पण संशोधनाचे नाते तुटले. औरंगाबादची नहर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासाचा विषय झाली आणि बीदरची सुरंग बावडी कर्नाटकाच्या. दोन्ही रचना एकाच कुळातील असून त्यांचा तुलनात्मक अभ्यास मात्र अपवादानेच होतो.

पुनर्स्थापन परिस्थितिकी ही विद्या विद्यापीठात जन्माला आली ती अमेरिकेत. अल्डो लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वनस्पती-उद्यानात, १९३४ पासून, शेतीने झिजलेल्या जमिनीवर प्रेअरी गवताळ परिसंस्था पुन्हा उभी करण्याचा प्रयोग केला. काय लावायचे यापेक्षा काय हटवायचे, आणि आगीसारख्या नैसर्गिक घटनेला पुन्हा केव्हा स्थान द्यायचे, हे प्रश्न त्यातून उपस्थित झाले. अशा कामासाठी संदर्भ परिसंस्था लागते, म्हणजे ज्या मूळ स्थितीकडे जायचे आहे तिचे प्रमाण मानण्याजोगे उदाहरण. भारतात विद्यापीठीय पर्यावरणशिक्षणाला बळ मिळाले ते न्यायालयाकडून: १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकविण्याचा आदेश दिला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी त्याचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला, ज्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. त्याच शहरात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने पुनर्स्थापनेला पुस्तकाबाहेर, उतारांवर आणि ओढ्यांकाठी नेऊन शिकविण्याचा पाया घातला.

कलबुर्गी-बीदर भागात ही विद्या उशिरा आली. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र गुलबर्ग्याला १९७० मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये त्याचे गुलबर्गा विद्यापीठ झाले. आळंद तालुक्यातील कडगंची येथे २००९ मध्ये कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाची स्थापना झाली. बीदरला २००४ साली पशुवैद्यकीय, पशुविज्ञान व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आले, आणि संवर्धनाच्या विद्यार्थ्याला ते दुय्यम वाटण्याचे कारण नाही, कारण सीमेच्या दोन्ही बाजूंना पाळल्या जाणाऱ्या देवणी गायीच्या वाणाचे रक्षण हा येथील जैवविविधतेचाच भाग आहे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिच्या रंगांवरून पडलेले प्रकार लातूर-बीदरच्या बाजारात गुराखी ओळखतात, आणि गायरान संपले की यांपैकी कोणताही प्रकार केवळ गोठ्यात टिकत नाही.

सुरंग बावडीकडे शास्त्रीय लक्ष वळविले ते बाहेरच्या अभ्यासकाने. केरळातील चित्तूरच्या शासकीय महाविद्यालयातील भूगोलाचे अध्यापक वल्लियिल गोविंदनकुट्टी यांनी २०१० नंतरच्या दशकात बीदरच्या सुरंगींचे नकाशे तयार केले. जमिनीवरील उभ्या विहिरींच्या ओळी, जांभ्यातील भेगांच्या रेषा आणि पाण्याचा प्रवाह यांचा त्यांनी एकत्र विचार केला आणि नौबादची सुरंग हे एकटे स्मारक नसून एका जाळ्याचा भाग आहे हे दाखविले. त्यानंतर जिल्हा प्रशासन आणि बीदरमधील तरुण स्वयंसेवकांचा गट यांच्या पुढाकाराने २०१५ च्या सुमारास नौबादच्या सुरंगीतील गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. २०१६ च्या दुष्काळात जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांच्या काळात जिल्ह्यातील तलाव आणि जुन्या विहिरींच्या सफाईची मोहीम चालली. याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि त्या गाडीचे जलदूत हे नाव मराठी वृत्तपत्रांत महिनोन्महिने गाजत होते. त्याच मांजरेच्या खोऱ्यात, सीमेपलीकडे, पाचशे वर्षांपूर्वीचे भुयार गाळाखालून मोकळे केले जात होते ही गोष्ट मात्र मराठवाड्यात फारशी चर्चिली गेली नाही.

या कामाचे मोल मान्य केले तरी पुनर्स्थापनेच्या कसोटीवर ते अर्ध्यावर राहते, असे म्हणणे भाग आहे. गाळ काढल्याने भुयार मोकळे होते, परंतु पाणी येते ते भुयारातून नव्हे, त्याच्या डोक्यावरील पठारातून. तेथे घरे, रस्ते आणि विंधन विहिरी वाढत गेल्या तर पाऊस जिरण्याची जागा आकसते आणि सफाई केलेली सुरंग कोरडी पडते. शिवाय पठारावर काय लावायचे या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. वृक्षारोपण हे पर्यावरणाचे काम मानण्याची सवय सरकारी आणि खासगी दोन्ही क्षेत्रांत इतकी खोलवर रुजलेली आहे की ग्लिरिसिडिया किंवा निलगिरीची रांग लागली म्हणजे परिसर सुधारला असा समज होतो. परंतु दख्खनच्या विरळ झाडांच्या गवताळ माळांची मूळ स्थिती घनदाट जंगलाची होती, असे गृहीत धरण्यास आधार कमी आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील वनस्पतींच्या उल्लेखांवरून असे दाखविले आहे की बाभूळ, हिवर यांसारख्या माळरानी जाती आणि गवताचे पठार ही दख्खनची शतकानुशतकांची ओळख आहे, ती वृक्षतोडीचा अवशेष नव्हे. पुनर्स्थापन परिस्थितिकीच्या भाषेत सांगायचे तर जुन्या ओव्या आणि चरित्रग्रंथ हे संदर्भ परिसंस्थेचे पुरावे ठरतात. खोल मुळांची, पाणी ओढणारी झाडे पठारावर दाटीने लावल्यास भूजलाला लाभाऐवजी तोटा होण्याची शक्यता असते, आणि म्हणून वेडी बाभूळ काढून गवत राखणे हेच कित्येक जागी योग्य काम ठरते. इथे भूगोलाच्या अभ्यासकाला वनस्पतिशास्त्राची आणि दोघांनाही मराठी-कन्नड जुन्या वाङ्मयाची गरज लागते.

या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि ती कलबुर्गी जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेवर चिंचोळी येथे दिसते. २०११ साली १३४.८८ चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि दक्षिण भारताच्या कोरड्या प्रदेशातील पहिले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. तेथे शुष्क पानगळीची वने असून चंद्रमपल्लीचा जलाशय आणि लांडगा, तरस, काळवीट यांसारखे प्राणी आहेत. लंबाणी तांड्यांचे जगणेही त्याच्याशी निगडित आहे. इथे जे राखायचे ते उभे आहे, म्हणून काम संवर्धनाचे आहे. बीदरच्या पठारावर जे राखायचे ते दिसत नाही, म्हणून काम पुनर्स्थापनेचे आहे, आणि दोन्ही कामे एकाच विद्यार्थ्याला एकाच सत्रात करता येतील एवढ्या जवळ आहेत.

अशा अभ्यासाची पहिली अडचण शास्त्राची नसून कागदाची आहे. जमिनीची नोंद, मग ती महाराष्ट्रातला सातबारा असो की कर्नाटकातली पहाणी, पृष्ठभागाच्या गटांची असते. भुयार मात्र अनेक गटांच्या खालून जाते आणि त्याचा कोणत्याही उताऱ्यावर हक्क नसतो. उभी विहीर ज्याच्या शेतात आहे तिला तो आपल्या शेतातील खड्डा मानतो आणि बुजवला तरी त्याच्या दृष्टीने काही गैर होत नाही. औरंगाबादच्या नहरींचीही हीच स्थिती आहे. म्हणून नौबादच्या सुरंगीसाठी जो नकाशा प्रथम हवा तो दोन कागद एकावर एक ठेवून काढावा लागेल: एकावर जांभ्याच्या भेगा आणि पाऊस जिरण्याच्या जागा, दुसऱ्यावर महसूल खात्याचे सर्व्हे क्रमांक, आणि ज्या क्रमांकांवर दोन्ही कागदांच्या रेषा मिळतात तेथेच विद्यार्थ्याला शेतकऱ्याच्या दारात उभे राहून बोलणी सुरू करावी लागतील.